संगणक जुना चालेल, नोंद हरवलेली चालणार नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. श्रावणातली रात्र, बाहेर मुसळधार पाऊस आणि आपल्याकडे पावसात व्हायची तशी वीज गेलेली. साडेअकराच्या सुमारास कोळीवाड्यातून सत्तरीच्या एका आजींना रिक्षातून आणले. अंगात सणसणीत ताप, छातीत घरघर आणि श्वास इतका लागलेला की दोन शब्द सलग बोलता येत नव्हते. तपासल्यावर न्यूमोनियाची शंका आली. सिस्टरनी इंजेक्शनचा ट्रे तयार केला. तेवढ्यात बरोबर आलेला नातू म्हणाला, "डॉक्टर, आजीला मागे कसल्यातरी इंजेक्शनची रिॲक्शन आली होती."

"कसल्या इंजेक्शनची?"

"ते कागदावर होतं. कागद वादळात गेला."

"कधी आली होती?"

"मी शाळेत होतो तेव्हा."

आजींना विचारावे, तर त्यांना बोलण्याइतका श्वास नव्हता. घरी फोन करावा, तर घरी कोणाला इंग्रजी औषधांची नावे ठाऊक असणार?

आमच्या दवाखान्यातल्या टेबलावर एक संगणक आहे. एका कार्यालयाने मोडीत काढलेला, मी २०११ साली स्वस्तात आणलेला. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी त्याच्याकडे पाहून गालातल्या गालात हसतात. त्याच्या पडद्यावर चित्र नाही, रंग नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे तेवढी उमटतात. एका पेशंटच्या मुलाने इंजिनिअरिंगला असताना सुटीत लिहून दिलेला साधा प्रोग्रॅम त्यावर चालतो. इन्व्हर्टरवर तो सुरू केला. नाव आणि गाव टाकले, तर एकाच नावाच्या चार बायका निघाल्या. पतीचे नाव आणि वय जुळवून पाहिले. २०१३ सालची एक ओळ समोर आली : पेनिसिलिन गटाच्या इंजेक्शननंतर अंगावर गांधी, ओठ सुजले, रक्तदाब उतरला.

ट्रेमधले इंजेक्शन त्याच गटातले होते. ते बाजूला ठेवले, दुसऱ्या गटातले औषध दिले. पाचव्या दिवशी आजी स्वतःच्या पायांनी रिक्षात चढल्या.

यात मोठेपणा माझा नाही आणि त्या संगणकाचा तर नाहीच. श्रेय असेल तर ते २०१३ साली कामाच्या गर्दीतही ती एक ओळ टाइप करून ठेवणाऱ्या सिस्टरबाईंचे. पण त्या रात्रीपासून एक विचार मनात घोळतो आहे, तो आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्या किनारपट्टीवरचे अनेक लहान दवाखाने आणि नर्सिंग होम "नवे कॉम्प्युटर घेतले की रेकॉर्ड सुरू करू" म्हणून वर्षानुवर्षे थांबलेले आहेत. माझे स्पष्ट मत असे, की थांबण्याचे काही कारण नाही. रुग्णाची नोंद ठेवायला लागणारे यंत्र फार लहान असते. फार मोठी लागते ती शिस्त.

नोंदीने काय साधते?

केसपेपर म्हणजे बिलापुरता कागद, असा एक समज आहे. तो खोटा ठरवणारे उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातच घडले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण, त्यांत लहान मुलेही, तिथे येत आणि पाहता पाहता दगावत. डॉ. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या : घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, नाडी किती, रक्तदाब किती, छातीत पाणी कधी भरले. एकेका रुग्णाच्या नोंदीतून काही कळत नव्हते. अनेकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर विषाची चाल दिसू लागली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा त्यांनी केलेला उपयोग १९८६ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी ज्या दंशाने शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण जात, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

यातले नोंदींचे काम संगणकावर झालेले नाही. त्याला कागद, पेन, घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र पुरले. तेव्हा आधी नोंद आणि मग यंत्र, हा क्रम लक्षात ठेवावा. नोंदच नसेल तर लाख रुपयांचे यंत्रही रिकाम्या कपाटासारखे आहे.

मग वही का पुरत नाही?

कोणी म्हणेल, बावस्करांना वही पुरली, तर तुम्हाला संगणक कशाला? प्रश्न रास्त आहे. वहीला दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की वहीत लिहिलेले सापडावे लागते. मध्यरात्री विजेच्या दिव्याशिवाय २०१३ सालची कोणती वही काढायची, हे मला त्या रात्री सांगता आले नसते. संगणक हेच एक काम माणसापेक्षा निर्विवाद चांगले करतो : शोधणे.

दुसरी अडचण आपल्या किनाऱ्याची. इथे कागदाचे तीन वैरी आहेत : दमट हवा, वाळवी आणि पाणी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. घरांची कौले आणि पत्रे उडाले, सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यात करोनाची साथ. त्या दिवसांत आमच्याकडे येणारे निम्मे रुग्ण रिकाम्या हाताने येत. "गोळी पांढरी होती, लहान होती, सकाळी घ्यायचो," एवढेच सांगत. पांढऱ्या लहान गोळ्या मधुमेहाच्याही असतात, रक्तदाबाच्याही असतात आणि थायरॉइडच्याही. आजींचा कागद गेला तो याच वादळात. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात सावित्रीचे पाणी शिरून तळमजले बुडाले, तेव्हा तळमजल्यावरच्या फायलींचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

म्हणजे कागद तर जातोच. पण संगणक जात नाही का? तोही जातो. खाऱ्या हवेने त्याच्या आतल्या पट्टीवर हिरवट गंज चढतो, पुराच्या पाण्यात तोही बुडतो. फरक इतकाच, की कागदाची दुसरी प्रत काढायला महिना लागेल आणि संगणकातल्या सगळ्या नोंदींची दुसरी प्रत दहा मिनिटांत निघते. ती प्रत रोज निघत असेल तरच संगणक वहीपेक्षा श्रेष्ठ. निघत नसेल तर वही बरी.

नोंद किती लहान असते?

आता थोडे गणित करू. एका रुग्णाच्या एका भेटीची नोंद म्हणजे नाव, वय, गाव, तक्रार, नाडी, रक्तदाब, निदान, औषधे, ॲलर्जी आणि पुन्हा केव्हा यायचे ते. ही सारी माहिती देवनागरीत लिहिली तरी तेराशे अक्षरांत मावते. संगणकात देवनागरीचे एक अक्षरचिन्ह सहसा तीन बाइट जागा घेते. म्हणजे एक नोंद सुमारे चार किलोबाइटची. दिवसाला ५० रुग्ण आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १५,००० नोंदी, म्हणजे ६० मेगाबाइट. दहा वर्षांच्या सगळ्या नोंदी ६०० मेगाबाइट. पूर्वी गाण्यांच्या सीडी मिळत, तसल्या एका सीडीवर दहा वर्षांचा दवाखाना मावतो!

मग संगणकाला भारी यंत्र लागते कशासाठी? चित्रांसाठी. छातीच्या एका डिजिटल एक्स-रेला सुमारे १० मेगाबाइट लागतात, म्हणजे अडीच हजार लेखी नोंदींची जागा. सीटी स्कॅनचे तर विचारूच नका. म्हणून लहान दवाखान्याने एक्स-रेची फिल्म किंवा फाइल वेगळी ठेवावी आणि त्यावरचा निष्कर्ष तेवढा दोन ओळींत नोंदवावा. नटवलेले पडदे, हलणारी चित्रे आणि दर मिनिटाला इंटरनेटकडे धाव घेणारे प्रोग्रॅम यांनी जुने यंत्र दमते. रुग्णाच्या नोंदीने दमत नाही.

जगात हे झालेले आहे

ही माझ्या मनाची कल्पना नव्हे. रुग्णालयाच्या नोंदींसाठी संगणकाची एक खास भाषा १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात तयार झाली. तिचे नाव मम्प्स. म्हणजे आपण ज्याला गालगुंड म्हणतो त्या आजाराचेच नाव! ज्या यंत्रावर ती जन्मली, त्याला आजच्या साध्या मोबाइलच्या हजाराव्या हिश्शाइतकीही स्मृती नव्हती. याच भाषेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी नोंदप्रणाली लिहिली जाऊ लागली आणि ती दशकानुदशके चालली. तिच्या जागी नवी प्रणाली आणण्याचा अब्जावधी डॉलरचा करार २०१८ साली झाला, आणि अडचणी व रुग्णांच्या सुरक्षिततेचे प्रश्न निघाल्यामुळे ते काम २०२३ साली मध्येच थांबवावे लागले. नवे आणि महाग म्हणजे आपोआप चांगले, असे नसते, हे श्रीमंत देशालाही अनुभवानेच कळले.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच परिस्थितीचे. पूर्व आफ्रिकेत केनिया देशात मोसोरिओट नावाचे एक ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. २००१ साली तिथे नोंदींसाठी संगणक बसवले. किती? एकमेकांना जोडलेले दोन. वीज गेली तर यूपीएस आणि सौर बॅटरी. प्रोग्रॅम म्हणाल तर कार्यालयांत सर्रास वापरतात त्या ॲक्सेस या साध्या साधनावर बेतलेला. नंतर मोजमाप केले, तेव्हा रुग्णाचा केंद्रातला एकूण वेळ २२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. याच मोजमापात असेही दिसले, की डॉक्टर-परिचारिकांसमोरचा रुग्णाचा वेळ निम्म्याहून जास्त घटला. याला नफा म्हणायचे की तोटा, ते ज्याने त्याने ठरवावे. वाचलेला वेळ रुग्णाशी बोलण्यात गेला तरच तो नफा, असे मी म्हणेन.

केनियातल्या याच अनुभवातून पुढे २००४ साली ओपन-एमआरएस हा सर्वांना मोफत वापरता येणारा प्रोग्रॅम उभा राहिला. आपल्या देशात छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था रुग्णालय चालवते. तिच्या गरजेतून, त्याच ओपन-एमआरएसच्या पायावर, 'बाह्मनी' नावाची मोफत रुग्णालय-प्रणाली तयार झाली आणि ती आता इतर देशांतही वापरली जाते. तिची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. एक बऱ्यापैकी संगणक कोठाराचे काम करतो. बाकी टेबलांवरची यंत्रे म्हणजे त्या कोठाराच्या नुसत्या खिडक्या. खिडकी जुनी असली तरी चालते. कोठार मात्र कोरडे, कुलूपबंद आणि धडधाकट हवे.

विजेचा हिशेबही सांगतो. घराघरात असते तशी १५० ॲम्पिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली तर १,८०० वॉट-तास वीज साठवते. तिला इजा न होता त्यातली निम्मी वापरायची ठरवली तर ९०० उरते. १५० वॉट खाणारा टेबलावरचा संगणक त्यावर सहा तास चालेल. ४० वॉटचा जुना लॅपटॉप बावीस तास. ज्या किनाऱ्यावर वादळानंतर आठवडेच्या आठवडे अंधार असतो, तिथे कमी खाणारे यंत्र ही गरिबाची तडजोड नाही. तेच योग्य यंत्र आहे.

जुन्या यंत्राच्या खोडी

इतके कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण जुन्या यंत्राने मलाही धडा शिकवला आहे आणि चूक माझीच होती.

संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो काही वर्षांनी मरतो. आमचा मेला आणि मला कळले नाही. एकदा दोन दिवस वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि त्याने स्वतःची तारीख थेट काही वर्षे मागे नेऊन ठेवली. आम्ही कामाच्या घाईत. त्या आठवड्यातल्या सगळ्या नोंदी जुन्या तारखेने पडल्या. महिन्याभराने एका बाईंनी बाळाला पुढच्या लसीसाठी आणले, तर आमच्या नोंदीप्रमाणे मागची लस बाळाच्या जन्माच्या आधीच दिलेली! आईने पिवळे कार्ड जपून ठेवले होते म्हणून खरी तारीख कळली. पन्नास रुपयांच्या आतल्या सेलने शंभरांवर नोंदी खोट्या पाडल्या होत्या. तेव्हापासून सकाळी दवाखाना उघडल्यावर सिस्टर पहिल्यांदा संगणकाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहतात.

दुसरी खोड हार्डडिस्कची. ती आजारी पडल्याचे सांगत नाही. एक दिवस एकदम जाते. म्हणून रोज रात्री प्रत काढायची. आम्ही दोन पेनड्राइव्ह ठेवले आहेत, एक सम तारखेचा, एक विषम तारखेचा. त्यांपैकी एक रोज माझ्याबरोबर घरी जातो, म्हणजे दवाखान्यात पाणी शिरले तरी कालपर्यंतच्या नोंदी घरी सुरक्षित. त्यावरची माहिती पासवर्डने बंद केलेली असते. वाटेत हरवला तर कोणाला वाचता येऊ नये. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची. न उघडलेली प्रत म्हणजे न मोडलेला नारळ. आत खोबरे आहे की कुजका गर, ते फोडल्याशिवाय कळत नाही.

तिसरी खोड सगळ्यांत धोक्याची. जुना संगणक आणि इंटरनेट यांची सोयरीक जुळवू नये. विंडोज ७ ची मोफत दुरुस्ती कंपनीने जानेवारी २०२० मध्ये बंद केली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नव्या विंडोज ११ ला आपल्याकडच्या बऱ्याचशा जुन्या यंत्रांत नसलेले सुटे भाग लागतात. दुरुस्ती न होणारे यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे कडी नसलेल्या दाराचे घर बाजारपेठेत बांधणे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या संगणक-विषाणूने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांच्या हजारो भेटी रद्द करायला लावल्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तर दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि देशातले हे सर्वांत नामांकित रुग्णालय सुमारे दोन आठवडे हाताने कागदावर चालवावे लागले. तेव्हा नोंदींचे यंत्र वेगळे, इंटरनेटचे वेगळे. ज्यांना जुन्या यंत्रावर सुरक्षित आणि मोफत प्रणाली हवी, त्यांना लिनक्स आहे. त्यावर मराठी उत्तम लिहिता येते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाने तिची भारतीय आवृत्ती काढली आहे.

चौथी गोष्ट यंत्राची नाही, आपली आहे. जुना संगणक शेवटी भंगारवाल्याकडे जातो आणि त्याच्याबरोबर गावातल्या हजारो माणसांची गुपितेही जातात. शहरात कोण कोणाला ओळखतो? इथे मात्र प्रत्येक जण कोणाचा तरी आतेभाऊ नाहीतर मावसमेव्हणा. एखाद्या मुलीचा गर्भपात, कोणाचा एचआयव्हीचा तपास, कोणाची मानसिक आजाराची गोळी हे चव्हाट्यावर आले तर एक संसार उद्ध्वस्त व्हायला वेळ लागत नाही. एचआयव्हीबाबत गुप्तता पाळण्याचा कायदा २०१७ सालचा आहे आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ सालचा. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? यंत्र मोडीत देण्यापूर्वी हार्डडिस्क काढून घ्यावी आणि हातोडीने फोडावी. मी स्वतः हे काम अंगणात बसून केले आहे.

माझे म्हणणे

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली सरकारी यंत्रणेसाठी. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर जाहीर झाले आणि प्रत्येकाला 'आभा' क्रमांक मिळू लागला. हेतू उत्तम आहे. नालासोपाऱ्याला कामाला असलेल्या मुरूडच्या मुलाची नोंद दोन्हीकडे दिसली तर कोणाला नको आहे? पण जी प्रणाली इंटरनेट गेले की मुकी होते, ती आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने भरवशाची नाही. नोंद आधी त्याच जागी, त्याच यंत्रावर पडावी. मग लाइन आली की सावकाश वर जावी. हे तंत्र अवघड नाही. ते मागितले पाहिजे. आणि परिचारिकेला एकच माहिती आधी रजिस्टरात, मग फॉर्मवर आणि मग संगणकात अशी तीनदा लिहायला लावू नये. तिसऱ्यांदा लिहिताना माणूस चुकतोच. आणि तेवढ्या वेळात तिला एका गरोदर बाईचा रक्तदाब घेता आला असता.

दुसरी माझ्या व्यवसायबंधूंसाठी. "आपला दवाखाना लहान, आपल्याला कशाला?" असे म्हणू नका. लहान दवाखान्यालाच नोंदीची गरज जास्त, कारण इथे रुग्ण तीस-तीस वर्षे येतो आणि त्याची सगळी हकीकत एकट्या डॉक्टरच्या डोक्यात असते. डॉक्टरचे डोके ही एकच प्रत आहे. तिचा पेनड्राइव्ह निघत नाही. माझ्या वयाच्या डॉक्टरांनी तरी हा विचार करावा. सुरुवात लहान करा. फक्त मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा आणि औषधांची ॲलर्जी असलेले रुग्ण आधी घ्या. एवढ्यांच्या नोंदी कोणत्याही जुन्या यंत्रावर एका पावसाळ्यात पूर्ण होतील.

वाचकांनी काय करावे?

डॉक्टरांवर सगळे सोपवून वाचकांनी स्वस्थ बसू नये. २००२ सालच्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांच्या आत त्या द्यायच्या असतात. हा तुमचा हक्क आहे. भांडून नव्हे, नम्रपणे मागा. संगणक असलेल्या दवाखान्यातही छापील चिठ्ठी मागून घ्या, कारण यंत्र नवे असो की जुने, कधीतरी बंद पडणारच.

घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद करा. त्यावर पाच ओळी : नाव व वय, कायमचे आजार, रोजच्या गोळ्यांची नावे, कोणत्या औषधाची रिॲक्शन येते ते आणि झालेली ऑपरेशने. गोळीचा रंग लिहू नका, नाव लिहा; येत नसेल तर पाकिटावरून औषधाच्या दुकानदाराकडून लिहून घ्या. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. रेशनकार्ड वादळातही कोणी मागे सोडत नाही, हे मी निसर्गच्या वेळी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलांच्या मोबाइलमध्येही त्याचा फोटो असू द्या. ही तुमच्या नोंदीची दुसरी आणि तिसरी प्रत.

त्या आजी परवा तपासणीला आल्या होत्या. संगणकाकडे बोट दाखवून नातवाला म्हणाल्या, "ह्याच पेटीत माझं नाव हाय ना?" मी म्हटले, "आजी, पेटीत आहे, माझ्या घरी आहे, आणि आता तुमच्या पिशवीतही असायला हवं." सिस्टरनी पाच ओळींचा कागद करून त्यांच्या हातात दिला. आजींनी तो बटव्यात, पानाच्या डबीशेजारी ठेवला. रेशनकार्डाजवळ नाही तर नाही. पण बटवा त्यांच्या कमरेचा कधी सुटत नाही, हे साऱ्या कोळीवाड्याला माहीत आहे.